लोकपालासाठी देश रस्त्यावर उतरला, कायदाही झाला; मग घोडं अडलं कुठे?

२७ डिसेंबर २०११. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर अण्णा हजारे उपोषणाला बसले. चारच महिन्यांपूर्वी दिल्लीच्या रामलीला मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबई तर अण्णांच्या घरची. पण इथे मैदानाचा बराच भाग रिकामा होता. अण्णांना ताप होता, गर्दी जमत नव्हती. दुसऱ्याच दिवशी उपोषण संपलं आणि जाहीर केलेलं जेलभरोही रद्द झालं.

गंमत म्हणजे मुंबईत हे सुरू असताना दिल्लीत लोकसभेने लोकपाल विधेयक मंजूर केलं. ४० वर्षांहून जास्त काळ भिजत पडलेलं घोंगडं एका रात्रीत निम्मं वाळलं. उरलेलं निम्मं वाळायला आणखी दोन वर्षं लागली. कायद्याप्रमाणे पहिला लोकपाल खुर्चीत बसायला त्यानंतर आणखी पाच.

भ्रष्टाचाराविरोधात कडक कायदा हवा म्हणून लोक रस्त्यावर येतात, सरकार झुकतं आणि कायदा होतो. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मैदान रिकामं झाल्यावर त्या कायद्याचं काय होतं, ते मात्र टीव्हीवर फारसं दिसलं नाही.

लोकपाल ही कल्पना आली कुठून?

स्वीडनमध्ये १८०९ पासून ओम्बुड्समन नावाचं पद आहे. सरकारी कारभाराबद्दल नागरिकांची तक्रार ऐकणारा, सरकारच्या हाताखाली नसलेला अधिकारी. भारतात १९६३ मध्ये खासदार लक्ष्मीमल सिंघवी यांनी त्याला 'लोकपाल' हा शब्द दिला. १९६६ मध्ये पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त नेमा, अशी शिफारस केली. आयोगाचे अध्यक्ष होते मोरारजी देसाई.

१९६८ मध्ये विधेयक आलं. १९६९ मध्ये लोकसभेत मंजूरही झालं, पण राज्यसभेत पोहोचेपर्यंत लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक बुडालं. मग १९७१, १९७७, १९८५, १९८९, १९९६, १९९८, २००१. दरवेळी नवं सरकार, नवं विधेयक आणि शेवट तोच. यात काँग्रेसची सरकारं होती, जनता पक्षाचं होतं, संयुक्त आघाडीचं होतं आणि भाजपचंही होतं. आपल्यावर नजर ठेवणारा माणूस आपणच नेमायची घाई कुणालाच नव्हती.

महाराष्ट्र मात्र इथे पुढे होता. राज्याचा लोकायुक्त कायदा १९७१ चा आहे आणि लोकायुक्त प्रत्यक्ष नेमणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पण त्या कायद्यात मंत्री म्हणजे कोण, याची जी व्याख्या होती तिच्यातून मुख्यमंत्री वगळलेले होते. लोकायुक्त चौकशी करणार आणि सरकारला अहवाल देणार. पुढे काय करायचं, ते सरकार ठरवणार.

२०११ मध्येच एवढा उद्रेक का झाला?

त्याआधीचं वर्ष घोटाळ्यांचं होतं. राष्ट्रकुल स्पर्धांची कंत्राटं, टूजी स्पेक्ट्रम आणि कॅगने अहवालात मांडलेला १ लाख ७६ हजार कोटींचा आकडा. तो आकडा बरोबर की फुगवलेला यावर पुढे पुष्कळ वाद झाला, पण लोकांच्या डोक्यात तो पक्का बसला. इकडे मुंबईत कुलाब्याच्या आदर्श सोसायटीचं प्रकरण बाहेर आलं आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना राजीनामा द्यावा लागला.

५ एप्रिल २०११ ला अण्णा दिल्लीत जंतर मंतरवर बसले. मागणी होती जनलोकपाल विधेयकाची. चार दिवसांत सरकारने एक अनोखी गोष्ट मान्य केली: मसुदा संयुक्त समिती करेल, पाच मंत्री आणि पाच आंदोलनाचे प्रतिनिधी. एका बाजूला प्रणब मुखर्जी, पी. चिदंबरम, कपिल सिब्बल, वीरप्पा मोईली, सलमान खुर्शीद. दुसऱ्या बाजूला अण्णा, शांतिभूषण, प्रशांत भूषण, अरविंद केजरीवाल आणि कर्नाटकचे लोकायुक्त संतोष हेगडे. समितीचं एकमत झालं नाही. ऑगस्टमध्ये सरकारने आपलंच विधेयक लोकसभेत मांडलं आणि भडका उडाला.

१६ ऑगस्टला उपोषणाआधीच अण्णांना अटक झाली. रवानगी तिहार तुरुंगात. सुटकेचा आदेश निघाला तरी ते बाहेर यायला तयार नव्हते. अखेर रामलीला मैदानाची परवानगी मिळाली. गांधी टोप्या छापून विकल्या जाऊ लागल्या, मिस्ड कॉल देऊन पाठिंबा नोंदवला जाऊ लागला, कॉलेजं ओस पडली. मुंबईच्या डबेवाल्यांनी एक दिवस डबे बंद ठेवले. शतकाहून जुन्या या व्यवसायातला तो पहिलाच बंद असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. राळेगणसिद्धीतल्या मंदिरात राहणारा, सैन्यात ड्रायव्हर राहिलेला माणूस देशभरातल्या वाहिन्यांवर चोवीस तास दिसत होता.

भांडण नेमकं कशावर होतं?

लोकपाल असावा की नसावा, हा वाद तेव्हा उरलाच नव्हता. वाद होता त्याच्या कक्षेत कोण येणार आणि त्याच्या हातात काय असणार, यावर.

सरकारच्या विधेयकात पदावर असलेले पंतप्रधान बाहेर होते. आंदोलनाला पंतप्रधान आणि न्यायाधीश दोन्ही आत हवे होते. दुसरा मुद्दा तपासाचा. सीबीआय सरकारच्या अखत्यारीत राहिली तर लोकपाल कुणाच्या जोरावर तपास करणार? म्हणून तिची भ्रष्टाचारविरोधी शाखा लोकपालाकडे द्या, अशी मागणी होती. आणि तिसरा मुद्दा सामान्य माणसाच्या सगळ्यात जवळचा: खालचे कर्मचारी. टूजीशी आपला संबंध बातमीपुरता. फेरफाराची नोंद, रेशनकार्ड, बांधकामाचा दाखला यासाठी जी चिरीमिरी जाते, ती घेणारा कुणाच्या कक्षेत येणार?

२७ ऑगस्टला संसदेने तीन गोष्टी तत्त्वतः मान्य केल्या. नागरिकांची सनद, खालच्या कर्मचाऱ्यांवर योग्य यंत्रणेमार्फत अंकुश आणि राज्यांत लोकायुक्त. २८ ऑगस्टला अण्णांनी उपोषण सोडलं. 'तत्त्वतः' हा सरकारी मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे, हे पुढे कळायचं होतं.

आंदोलनाला विरोध करणारे सगळे भ्रष्टाचाराचे समर्थक होते, असं मात्र नाही. माहिती अधिकाराच्या लढ्यातल्या अरुणा रॉय यांचं म्हणणं होतं की पंतप्रधानांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची तक्रार एकाच संस्थेकडे दिली तर ती संस्था स्वतःच बेलगाम होईल किंवा कामाच्या ओझ्याखाली दबेल, त्याऐवजी वेगवेगळ्या संस्था करा. दलित आणि बहुजन चळवळीतून दुसरा आक्षेप आला: उपोषणाच्या धाकावर संसदेकडून कायदा करून घेणं योग्य आहे का? त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणाचा दाखला दिला गेला. संवैधानिक मार्ग उपलब्ध असताना सत्याग्रहासारखे मार्ग सोडून द्यावेत, असं त्यांनी त्यात सांगितलं होतं. त्यावर आंदोलनाचं उत्तर सरळ होतं. संवैधानिक मार्गाने ४३ वर्षं वाट पाहिली, विधेयक हललं का? दोन्ही बाजूंत तथ्य होतं, पण स्टुडिओतल्या आरडाओरड्यात दोन्ही नीट ऐकू आल्या नाहीत.

गर्दी ओसरल्यावर

डिसेंबरमध्ये मुंबईचं मैदान रिकामं राहिलं आणि दिल्लीला ते बरोबर दिसलं. २९ डिसेंबरला राज्यसभेत १८७ दुरुस्त्या आल्या, एका सदस्याने विधेयकाची प्रत फाडली, घड्याळात मध्यरात्र झाली आणि मतदान न होताच कामकाज तहकूब झालं. विधेयक पुढे प्रवर समितीकडे गेलं.

दरम्यान आंदोलनच दुभंगलं. केजरीवाल आणि सहकाऱ्यांनी पक्ष काढायचं ठरवलं, अण्णा म्हणाले मी राजकारणात नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये आम आदमी पक्ष स्थापन झाला. डिसेंबर २०१३ मध्ये दिल्लीच्या निवडणुकीत या पक्षाने सगळ्यांना धक्का दिला. त्याच आठवड्यात अण्णा राळेगणसिद्धीत पुन्हा उपोषणाला बसले होते. १७ डिसेंबरला राज्यसभेत आणि १८ डिसेंबरला लोकसभेत विधेयक मंजूर झालं. लोकसभा निवडणूक जेमतेम चार महिन्यांवर होती, हे लक्षात घेतलं की या वेगाचं कोडं सुटतं. केजरीवालांनी हे विधेयक तकलादू म्हणून नाकारलं. अण्णांनी ते स्वीकारलं.

१ जानेवारी २०१४ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १६ जानेवारीपासून कायदा लागू झाला. पंतप्रधान त्यात आले, पण परराष्ट्र संबंध, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, अणुऊर्जा आणि अवकाश हे विषय वगळून. न्यायाधीशांचा उल्लेख नव्हता. सीबीआय सरकारकडेच राहिली, फक्त लोकपालाने सोपवलेल्या प्रकरणांत तिच्यावर लोकपालाची देखरेख. तक्रार खोटी आणि खोडसाळ ठरली तर तक्रारदाराला एक वर्षापर्यंत तुरुंगवास आणि एक लाखापर्यंत दंड.

कायदा होता, लोकपाल नव्हता

लोकपाल निवडणाऱ्या समितीत पाच जण असतात: पंतप्रधान, लोकसभा अध्यक्ष, लोकसभेतले विरोधी पक्षनेते, सरन्यायाधीश किंवा त्यांनी सुचवलेले न्यायाधीश आणि एक नामवंत कायदेतज्ज्ञ. मे २०१४ च्या निवडणुकीनंतर लोकसभेत कुणालाच अधिकृत विरोधी पक्षनेतेपद मिळालं नाही. मग समिती पूर्ण होत नाही आणि समिती नाही म्हणून लोकपाल नाही, असा युक्तिवाद सुरू झाला.

२७ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. विरोधी पक्षनेता नसला तरी हा कायदा आहे त्या स्थितीत राबवता येतो, नेमणूक लांबवायचं कारण नाही, असं न्यायालय म्हणालं. तरीही आणखी दोन वर्षं गेली. मार्च २०१८ मध्ये अण्णा पुन्हा रामलीला मैदानात बसले. मैदान तेच, माणूस तोच, गर्दी मात्र तुरळक. मार्च २०१९ मध्ये, पुन्हा एका लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, न्यायमूर्ती पिनाकीचंद्र घोष देशाचे पहिले लोकपाल झाले.

पुढची मजा अशी की लोकपाल आले तरी तक्रार कोणत्या नमुन्यात करायची, तेच ठरलेलं नव्हतं. तो नमुना अधिसूचित झाला मार्च २०२० मध्ये. चौकशी संचालक आणि अभियोजन संचालक ही कायद्यातली दोन महत्त्वाची पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली. मे २०२२ मध्ये न्या. घोष यांची मुदत संपली, पूर्णवेळ उत्तराधिकारी मिळाले मार्च २०२४ मध्ये. ते म्हणजे मूळचे पुण्याचे न्यायमूर्ती अजय खानविलकर. मधली जवळपास दोन वर्षं काम हंगामी अध्यक्षांवर चाललं. तोवर लोकपालाने एकाही आरोपीवर खटला चालवलेला नाही, असं संसदेच्या स्थायी समितीने २०२३ च्या अहवालात नोंदवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकपाल मोठ्या बातमीत आला तो कारवाईमुळे नाही, तर ७ बीएमडब्ल्यू गाड्यांच्या निविदेमुळे.

मग माहिती अधिकार का चालला?

याच अण्णांच्या, याच पद्धतीच्या आंदोलनातून त्याआधी एक कायदा आला होता आणि तो मात्र लोकांनी हातोहात उचलला. महाराष्ट्रात २००० मध्ये माहिती अधिकाराचा एक लुळा कायदा झाला होता. तो बदला म्हणून राज्यभर आंदोलनं झाली, २००२ मध्ये नवा कायदा आला, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी अडकला, तेव्हा २००३ मध्ये अण्णा मुंबईच्या आझाद मैदानात बसले आणि संमती मिळाली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्यांतून हाच प्रश्न नव्वदच्या दशकात लावून धरला होता. गोव्याने तर १९९७ मध्येच असा कायदा केला होता. या सगळ्याच्या जोरावर २००५ मध्ये देशाचा कायदा झाला.

लोकपाल आणि माहिती अधिकार यांतला फरक बघा. लोकपाल चालायला आधी तो नेमावा लागतो. नेमणार कोण? ज्यांची चौकशी होऊ शकते तेच. मग त्याला अधिकारी हवेत, इमारत हवी, तपासयंत्रणा हवी, प्रत्येक ठिकाणी सरकारची सही. माहिती अधिकारात पहिलं पाऊल तुमचं. साधा कागद, १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. मुदत पाळली नाही तर अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. गावातल्या रस्त्याच्या बिलाची प्रत मागायला कुठल्या निवड समितीची बैठक लागत नाही. आदर्शची कागदपत्रं बाहेर यायला कार्यकर्त्यांचे असेच अर्ज कामी आले.

अर्थात, या कायद्याचीही धार हळूहळू बोथट होते आहे. माहिती आयुक्तांची पदं रिकामी राहतात आणि दुसऱ्या अपिलांचा ढीग साचतो. २०१९ च्या दुरुस्तीने आयुक्तांचा कार्यकाळ आणि पगार ठरवायचा अधिकार केंद्राकडे गेला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं, त्यामुळे अधिकाऱ्याला नकार देणं सोपं झालं. यातल्या कुठल्याच बदलाच्या वेळी रामलीला मैदान भरलं नाही.

महाराष्ट्राच्या लोकायुक्ताचं काय?

केंद्राच्या कायद्यात राज्यांनी वर्षभरात लोकायुक्त कायदा करावा असं म्हटलं होतं. महाराष्ट्रात १९७१ चा कायदा होताच, त्यामुळे कुणाला घाई नव्हती. ३० जानेवारी २०१९ ला अण्णा राळेगणसिद्धीत उपोषणाला बसले. सातव्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तिथे गेले, नव्या कायद्याच्या मसुद्यासाठी संयुक्त समिती ठरली आणि उपोषण सुटलं.

नवं विधेयक विधानसभेत मंजूर झालं डिसेंबर २०२२ मध्ये, विधान परिषदेत डिसेंबर २०२३ मध्ये. त्यात मुख्यमंत्री पहिल्यांदाच लोकायुक्ताच्या कक्षेत आले. पण मेख पुढे आहे. मुख्यमंत्र्यांची चौकशी सुरू करण्याआधी विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्यांची मंजुरी लागेल. ज्याच्याकडे बहुमत आहे तोच मुख्यमंत्री होतो, हे शाळेतल्या नागरिकशास्त्रातच शिकवलेलं असतं. २८८ आमदारांपैकी १९२ जणांनी आपल्याच नेत्याच्या चौकशीला हो म्हणायचं, अशी ही अट आहे.

कर्नाटककडे पाहिलं की फरक कळतो. तिथल्या लोकायुक्ताकडे स्वतःची पोलीस शाखा होती. जुलै २०११ मध्ये संतोष हेगडे यांनी बेकायदा खाणींवर अहवाल दिला आणि चार दिवसांत मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना राजीनामा द्यावा लागला. २०१६ मध्ये तिथल्या काँग्रेस सरकारने वेगळा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग काढला आणि लोकायुक्त पोलिसांचे अधिकार काढून घेतले. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो विभागच रद्द केला. मात्र त्याच कर्नाटकात एका लोकायुक्तांच्या मुलाला खंडणीच्या प्रकरणात अटक झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये त्या लोकायुक्तांना पद सोडावं लागलं. तेव्हा अरुणा रॉय यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती.

आज तुमच्या हातात काय आहे?

समजा, सातबाऱ्यावर नोंद करायला कुणी पैसे मागितले. दिल्लीच्या लोकपालाचा इथे उपयोग नाही. त्यासाठी राज्याचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, टोल फ्री क्रमांक १०६४. आधी तक्रार केली तर विभाग पडताळणी करून सापळा लावतो. रंगेहाथ पकडलेल्या प्रकरणात अटकेसाठी सरकारची आगाऊ परवानगी लागत नाही. एरवी, अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची असेल तर २०१८ पासून लागते.

२०१८ च्या त्याच दुरुस्तीतली आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. लाच देणं हाही आता थेट गुन्हा आहे. दबावाखाली द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपासयंत्रणेला कळवलं तरच संरक्षण मिळतं. आठव्या दिवशी तुम्हीही आरोपी होऊ शकता.

पैसे मागितले नाहीत, पण फाईल हलतच नाही, असं असेल तर २००५ चा बदल्यांचा आणि दप्तरदिरंगाईचा कायदा आहे. तोही अण्णांच्याच आंदोलनाच्या मागण्यांपैकी एक. साधारणपणे कुठलीही फाईल एका टेबलावर कामाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त पडू नये, असं तो सांगतो. नागरिकांच्या सनदेचं केंद्राचं विधेयक २०१४ मध्ये लोकसभेबरोबर बुडालं, पण महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा केला. कोणता दाखला किती दिवसांत मिळायला हवा, याची यादी त्यानुसार कार्यालयात लावलेली असायला हवी. नसेल तर विचारा.

राहिला प्रश्न विचारणाऱ्याच्या सुरक्षेचा. तळेगाव दाभाडे इथले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. जमीन व्यवहारांतले गैरप्रकार ते बाहेर काढत होते. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने फेब्रुवारी २०१४ मध्ये, लोकपालानंतर दोनच महिन्यांनी मंजूर केला. मे महिन्यात राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. तो लागू करण्याची अधिसूचना मात्र अजून निघालेली नाही.